रोज, गुत्ता, मानधन, वेतनश्रेणी : कामरगाव परिसरातील मजुरीची उतरंड

एकाच गावातील दोन माणसांच्या दिवसाच्या कमाईत तिप्पट फरक असू शकतो आणि त्याचे कारण कष्टात शोधले तर सापडत नाही. वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव आणि भोवतालच्या खेड्यांत कमाई मुख्यतः कराराच्या प्रकारावर ठरते. माणूस रोजाने लागला, गुत्त्याने लागला, सालाने राहिला, मानधनावर आला की वेतनश्रेणीत बसला, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. बहुतांश शेती कोरडवाहू; सोयाबीन, तूर आणि कापूस ही मुख्य पिके. त्यामुळे मजुरीचा बाजार पावसाच्या वेळापत्रकाने चालतो. निंदणाच्या दिवसांत बायांना मागणी असते, सोयाबीन सोंगणीला आले की सगळ्यांनाच मजूर एकाच आठवड्यात हवे असतात आणि उन्हाळ्यात हात रिकामे राहतात.

सोंगणीचा गुत्ता एकरावर ठरतो. पावसाची भीती असल्याने शेतकरी घासाघीस फार ताणत नाही आणि चपळ टोळीला रोजापेक्षा बरीच अधिक कमाई होते. कापसाची वेचणी किलोवर असते. पहिल्या वेच्याला बोंडे भरलेली असतात, तेव्हा वजन लवकर होते. शेवटच्या वेच्याला तीच बाई तेवढेच तास वाकूनही निम्माही कापूस वेचू शकत नाही; म्हणून दर वाढवून द्यावा लागतो किंवा रोजाने माणसे लावावी लागतात. शेतकऱ्याच्या हाताला मात्र भावाची मर्यादा आहे. वेचणी किलोला १० रुपये धरली तर क्विंटलमागे १,००० रुपये जातात आणि २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७,७१० रुपये. उत्पन्नाचा आठवा हिस्सा एकट्या वेचणीत गेल्यावर मजुरी वाढवायला जागा थोडीच उरते.

शेतातल्या दराची सर्वांत जुनी आणि सर्वांत अन्यायकारक रेषा बाई आणि गडी यांच्यामधली आहे. निंदण आणि वेचणी ही बायांची कामे, वखरणी-डवरणी आणि फवारणी ही गड्यांची, अशी वाटणी करून रोज वेगळा ठेवला जातो. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला. पण कामेच वेगळी केली की कायद्याला तुलना करायला काही उरत नाही. बांधकामावरही तेच दिसते. गवंड्याचा रोज बिगाऱ्याच्या दीडपट-दुपटीपर्यंत जातो, कारण बिगारी हाताखाली शिकत गवंडी होतो. रेजा म्हणून आलेली बाई वर्षानुवर्षे रेजाच राहते. थापी तिच्या हाती क्वचितच दिली जाते.

गड्यांच्या वाट्याला आलेली जास्तीची मजुरीही नेहमी कौशल्याची नसते, कधी ती जिवाच्या जोखमीची असते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या जोखमीच्या मानाने फवारणीचा वाढीव रोज अगदीच तुटपुंजा आहे.

संघटनेने काय घडते, ते कारंज्याच्या बाजारात पाहता येते. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंज्यात कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. भारतातला तो पहिला मानला जातो. बाजार समितीत हमाली आणि तोलाईचे दर ठरवून जाहीर होतात. १९६९ च्या माथाडी कायद्याने आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी उभ्या केलेल्या हमाल पंचायतीने ओझ्याच्या कामाला मोल मिळवून दिले. शेतात तेच पोते उचलणाऱ्याला असा कुठलाही दरफलक नाही.

सरकारी दर हे या बाजाराचे दुसरे टोक. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेल्या रोजगार हमीने महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळापासून मजुरीला एक तळ दिला आणि तो बाई-गड्यासाठी सारखा ठेवला. केंद्रीय योजनेत राज्याचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. शंभर दिवस भरले तर वर्षाचे ३१,२०० रुपये होत. सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाचे सुरुवातीचे मूळ वेतन, महागाई भत्ता न धरता, महिन्याला २९,२०० रुपये आहे. एकाच्या वर्षभराच्या हमीइतके दुसऱ्याला जवळपास एका महिन्यात मिळत होते.

त्या वेतनश्रेणीच्या दारातही रांग आहे. शिक्षण सेवक म्हणून पहिली तीन वर्षे काढणाऱ्याला २०२३ पर्यंत प्राथमिक शाळेत ६,००० रुपये मिळत होते. ते त्या वर्षी १६,००० झाले. वर्ग तोच, मुले तीच, फक्त पदनाम वेगळे. अंगणवाडी सेविकेचे मानधन त्याच वर्षी ८,३२५ वरून १०,००० वर गेले. पोषण, लसीकरण, नोंदी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण एवढा भार वाहणाऱ्या या बाया कर्मचारी गणल्या जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यांना उपदानाचा हक्क दिला, ही मोठी गोष्ट झाली. मानधन या नावाखाली राबवून घेणे मात्र थांबलेले नाही आणि ते थांबायला हवे.

दरांची ही उतरंड माणसांना हलवते. तरुण पुण्याकडे कारखान्यांत जातात. गावात उरलेल्यांपैकी ट्रॅक्टर, जेसीबी, वायरिंग किंवा मोटार दुरुस्ती येणाऱ्यांची कमाई शेतमजुरापेक्षा बरी असते, कारण मागणी बारमाही असते. समृद्धी महामार्गाच्या बांधकामाने काही वर्षे कामे दिली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यावर ती ओसरली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क संघटित-असंघटित असा भेद न करता सर्व कामगारांना दिला आहे. शेतमजुराकडे मात्र हजेरीपत्रक नाही, वेतनचिठ्ठी नाही आणि तक्रार ऐकायला गावात कोणी अधिकारी नाही. ग्रामपंचायतीने हंगामाच्या सुरुवातीला बाई-गड्याचा एकच रोज ठरवून फलकावर लिहिला, तर कामरगावासारख्या गावात या कायद्याची सुरुवात तिथून होऊ शकेल.