गुलाबी ससा, सिम्पसन्स आणि ‘संदर्भ’ मोजण्याची भानगड

समजा, तुम्ही सिनॉप्सिससाठी विषय घेतलाय: अमेरिकन विनोदी मालिकांमधले जाहिरातींच्या मॅस्कॉटचे संदर्भ. मॅस्कॉट म्हणजे ब्रँडची ओळख बनलेलं पात्र. विषय मजेशीर आहे. एपिसोड बघायचे आणि मोजायचे, एवढंच ना? पण आरआरसीसमोर पहिला प्रश्न हाच येऊ शकतो: ‘संदर्भ’ म्हणून नेमकं काय मोजणार? इथे अडखळलात तर पुढचे सगळे आलेख वाया.

एक उदाहरण बघू. ड्युरासेलचा ढोल वाजवणारा गुलाबी ससा 1973 मध्ये आला. 1980 च्या दशकाच्या अखेरीस एनर्जायझरने त्याची टर उडवायला स्वतःचा ससा आणला. म्हणजे हा मॅस्कॉट जन्मालाच आला विडंबनातून! आज अमेरिकेत गुलाबी ससा म्हटलं की एनर्जायझर आठवतं, आपल्याकडे ड्युरासेल. शिवाय न थकणाऱ्या माणसाला तिकडे सर्रास ‘एनर्जायझर बनी’ म्हणतात. मग एखाद्या पात्राने हे नाव घेतलं, तर तो बॅटरीचा संदर्भ की नुसता वाक्प्रचार?

आता ‘द सिम्पसन्स’. ऑक्टोबर 1995 च्या हॅलोविन भागात जाहिरातींचे अवाढव्य पुतळे जिवंत होऊन शहर उद्ध्वस्त करतात. लोक त्यांच्याकडे बघणं थांबवतात, तेव्हाच ते मरतात. त्यातला डोनटवाला ‘लार्ड लॅड’ काल्पनिक आहे, पण तो ‘बिग बॉय’ या खऱ्या रेस्टॉरंट साखळीच्या पुतळ्याची आठवण करून देतो. सबटायटलमध्ये ‘बिग बॉय’ शोधून हा संदर्भ सापडणार नाही.

म्हणून मोजण्याआधी कार्यकारी व्याख्या लिहा. निदान तीन वर्ग वेगळे ठेवा:

1. नाव: संवादात उल्लेख (वाक्प्रचार असेल तर वेगळी नोंद).
2. रूप: खरा मॅस्कॉट पडद्यावर दिसतो.
3. नक्कल: काल्पनिक पात्र, पण मूळ ओळखू येतं.

तिसरा वर्ग सगळ्यात निसरडा. ‘ओळखू येतं’ म्हणजे कुणाला? पुण्यात वाढलेल्या माणसाला ‘बिग बॉय’ माहीतच नसेल, तर त्याच्या नोंदवहीत शून्य येणार. चूक मालिकेची नाही, मोजपट्टीची आहे.

उपाय काय? तेच प्रसंग दोघांनी एकमेकांना न विचारता तपासायचे आणि कोहेनचा कप्पा काढायचा. समजा, 100 प्रसंगांत ‘संदर्भ आहे की नाही’ यावर दोघांचं 80 वेळा जमलं. पण दोघेही निम्म्या प्रसंगांना ‘आहे’ म्हणत असतील, तर निव्वळ योगायोगानेही साधारण 50 वेळा जमलं असतं. म्हणून कप्पा = (0.80 − 0.50) ÷ (1 − 0.50) = 0.60. ‘80 टक्के सहमती’ ऐकायला भारी वाटते. योगायोग वजा केल्यावर एवढीच उरते.

आणि एक लक्षात ठेवा: उल्लेख वाढले म्हणजे खप वाढला, असं यातून सिद्ध होत नाही. तो वेगळा प्रश्न, त्याला वेगळा डेटा लागेल.

आज एवढंच करा: कुठल्याही मालिकेचा एक भाग घ्या, मित्राला व्याख्या लिहून द्या आणि दोघं स्वतंत्र नोंदी करा. जिथे जुळणार नाही, तिथेच तुमची व्याख्या अपुरी आहे.