जुन्या कागदांतली वंशावळ

चांदवडच्या रंगमहालाजवळ राहणाऱ्या एका काकांनी परवा मोडीतला जीर्ण कागद दाखवला. वर मूळ पुरुष, खाली पिढ्यांच्या फांद्या. "हे कशासाठी लिहिलं असेल रे?"

बहुतेकदा वतनासाठी! देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुलकर्ण वंशपरंपरेने चालत. वडीलपणाचा, वाटणीचा तंटा उठला की पूर्वजांची साखळी मांडावी लागे. ती करीन्यात, म्हणजे हक्काची हकिकत सांगणाऱ्या कागदात, लिहिली जाई. गोतसभेचा, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या सभेचा, निवाडा महजरात येई. पुढे १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनपुढेही घराण्यांना पुरावे द्यावे लागले.

म्हणून अशी वंशावळ एकटीच वाचू नये. ती दाव्यासाठी लिहिलेली असते. प्रतिपक्षाचा करीना मिळाला तर शेजारी ठेवावा. मला तर त्यातच खरी गोडी वाटते!

वतनाच्या कागदांत लेकीसुनांची नावं क्वचितच येतात. त्यासाठी नाशिकला रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरला आपल्या तीर्थोपाध्यायांची यात्रेकरूंच्या नावांची वही बघा. मूळ गाव आणि आडनाव सांगावं लागतं.

पुण्यात पेशवे दफ्तर आणि १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, दोन्हीकडे मोडी कागदांचा मोठा साठा आहे.

घरी असा कागद असेल तर कृपा करून लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. सपाट ठेवा, फोटो काढा. मोडी अडली तर कमेंटमध्ये विचारा, जमेल तेवढं वाचून देईन.