‘आज रात्री लाईट कट’ असा मेसेज आलाय?

पुणे : ‘मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कट होणार,’ हा मेसेज २०२२ मध्ये पुण्यासह राज्यभर फिरला. खाली दिलेल्या नंबरवर फोन केला की ‘साहेब’ दहा रुपये भरायला आणि त्यासाठी एनीडेस्कसारखं ॲप घ्यायला सांगतात. ॲप सुरू झालं की तुमची स्क्रीन त्यांना दिसते, ओटीपीसकट. मग खातं रिकामं.

मुळात वीज तोडण्याआधी कायद्याने १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. (रात्री साडेनऊला खांबावर चढतंय कोण?) महावितरणचा मेसेज दहा आकडी नंबरवरून नव्हे, ‘एमएसईडीसीएल’ या नावाने येतो. ट्रूकॉलरवरच्या नावावर जाऊ नका, ते कुणीही टाकू शकतं. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत १९३० लावा. रक्कम पुढच्या खात्यात वळती होण्याआधी गोठवता येऊ शकते.