सोऱ्याला नवी चकती

आजीच्या काळचा पितळी सोऱ्या अजून शाबूत असतो, पण चकलीची चकती नेमकी वाकलेली किंवा चिरलेली निघते. बाजारातून दुसरी आणावी तर ती बसतेच असे नाही, कारण सोऱ्यांना ठरलेले एक माप नाही. चकती मोठी असली तर टोपणात शिरत नाही, लहान असली तर कडेने पीठ गळते. अशा वेळी लेथवाल्याकडून बनवून घ्यावी. काम लहान आहे. फक्त त्याला नीट सांगता आले पाहिजे.

माप मोडक्या चकतीचे घेऊ नये, ती झिजलेली असते. टोपणाचा आतला व्यास व्हर्निअर कॅलिपरने दोन-तीन ठिकाणी मोजावा, कारण जुने टोपण पूर्ण गोल राहिलेले नसते. सर्वांत कमी भरेल त्या मापातून अर्धा मिलिमीटर वजा केला की चकतीचा व्यास मिळाला. जाडी साधारण दीड मिलिमीटर ठेवावी. 50 मिलिमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ जवळजवळ 20 चौरस सेंटिमीटर भरते. घट्ट पिठाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला तीन किलो धरला, तरी चकतीवर 60 किलोंचा भार येतो. पातळ पत्रा त्याने मधोमध फुगतो. फार जाड पत्रा घेतला तर टोपणाचे आटे पुरेसे चढत नाहीत.

खरा प्रश्न धातूचा. लेथवाला बहुधा पितळी सळईचा काप काढून देऊ म्हणेल, कारण ते त्याला सोपे पडते. नको म्हणावे. लेथवर सहज कापली जावी म्हणून या सळईत दोन-तीन टक्के शिसे घातलेले असते आणि चकलीच्या पिठात मीठ असते, कुणाकडे दहीही. 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलचा पत्रा घ्यावा. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत गुलालवाडीकडे धातूच्या दुकानांत विचारावे. चुंबक लावून मात्र खात्री होत नाही. स्वस्तातले 202 स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. तेव्हा ओळखीचे दुकान बरे.

हे स्टील चिवट असते. ड्रिल जोरात फिरवले आणि दाब कमी पडला तर टोक नुसते घासते, घासलेला भाग आणखी कडक होतो आणि मग काही केल्या भोक पडत नाही. म्हणून वेग कमी, दाब पक्का आणि वर कटिंग ऑइल.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. आधी सेंटर पंच मारून मधोमध 6 मिलिमीटरचे भोक पाडायचे. त्यातून बोल्ट घालून नट आवळला की चौकोनी तुकडा लेथच्या चकमध्ये धरता येतो आणि बाहेरची कड गोल कापली जाते. चांदणी आधीच कोरून ठेवली तर बोल्टला धरायला गोल भोक उरत नाही.

चांदणी हातानेच होते. कंपासमध्ये वर्तुळाची त्रिज्या धरून परिघावर खुणा केल्या की बरोबर सहा भाग पडतात. समोरासमोरच्या खुणा रेघांनी जोडाव्यात आणि भोकाच्या काठाला प्रत्येक रेघेवर बारीक तिकोनी कानशीने पावणेदोन मिलिमीटर खोल खाच पाडावी. कानशीचा कोन 60 अंशांचा असल्याने सगळ्या खाचा आपोआप सारख्या होतात. चकलीला काटे येतात ते याच खाचांमुळे, आणि बारीक काटा तेलात आधी कुरकुरीत होतो.

सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या घासण्याला द्यावा. कानशीने काठावर बारीक धार उभी राहते. ती राहिली तर बाहेर पडणाऱ्या पिठाला ओरखडे पडतात आणि वळताना चकली तुटते. (मोहन जास्त झाले तरीही ती तुटते, तो दोष चकतीवर ढकलू नये.) काडीला पॉलिश पेपर गुंडाळून प्रत्येक खाच आतून गुळगुळीत करावी, बोट फिरवून पाहावे. मग चकती गरम पाणी आणि साबणाने घासून तेल घालवावे आणि पिठाचा पहिला गोळा दाबून टाकून द्यावा. उरलासुरला कीस त्याच्याबरोबर निघून जातो.