प्रश्नांना वाव देणारी शाळा

प्राथमिक शाळेतील सामूहिक जीवन म्हणजे केवळ परिपाठ व वर्गसफाई नव्हे. मिळून पाहणे व मिळून शोधणे हाही त्याचाच भाग होय. छत्रपती संभाजीनगरच्या शाळांना त्याचे उत्तम साधन शहरातच लाभले आहे, ते म्हणजे पाणचक्की.

सतराव्या शतकात मलिक अंबरने या नगरासाठी नहरीची योजना केली. पुढे अशाच एका नहरीच्या बळावर पाणचक्की चालविली गेली. दुरून भूमिगत नळांनी आलेले पाणी येथे उंच भिंतीवर चढविले जाई व खाली कोसळताना जाते फिरवी.

“पाणी वर चढते कसे?” असे एखाद्या मुलाने विचारल्यास शिक्षकांनी लगेच उत्तर देऊ नये. वर्गात गट पाडून पारदर्शक नळीत पाणी भरावे. एकाने नळी धरावी, दुसऱ्याने पातळी मोजावी, तिसऱ्याने नोंद ठेवावी. नळीची टोके वरखाली केली तरी दोन्हीकडची पातळी समान राहते. यावरून, उगम भिंतीहून उंच असला पाहिजे, हे मुले स्वतःच ताडतात.

सन २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यालाही कृती, शोध व भयमुक्त वातावरण यांतून होणारे शिक्षणच अभिप्रेत आहे. “गप्प बैस” या दोन शब्दांनी मात्र उमलती जिज्ञासा कायमची कोमेजू शकते.