पिन बसली म्हणजे झालं?

सकाळी १०.३० : ग्रँट रोड स्टेशनवरून लॅमिंग्टन रोडला पोचेपर्यंत शेजारची शटरं अर्धी वर गेलेली असतात. उदबत्ती, चहा, मग कालचं राहिलेलं असेंब्लीचं मशीन. एक एसएसडी, एक साडेतीन इंची हार्डडिस्क. दोन्हींची साटा पॉवर पिन एकच, पंधरा पट्ट्यांची. एल आकाराची खाच असल्यामुळे उलटी बसतच नाही. अडीच इंची एसएसडीचं ५ व्होल्टवर भागतं, हार्डडिस्कची मोटर १२ मागते. पटकन होणारं काम.

१२.०० : एक गृहस्थ कॅबिनेट उचलून आले. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा, उडाला म्हणून घरीच नवा बसवला, आता दोन्ही डिस्क दिसत नाहीत. झाकण काढलं. डबा नवा, वायरी जुन्याच! दोन्ही एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे वायरी डब्यापासून सुटणाऱ्या, कंपन्या वेगळ्या. मागच्या वायरी सोडवायचा कंटाळा केलेला.

"पण दादा, पिन तर घट्ट बसली होती."

बसणारच. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र कसलाही नियम नाही. कोणत्या भोकात किती व्होल्ट, हे ज्याचं त्याने ठरवलेलं. कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक. मीटर लावला. लाल वायरवर ५ हवेत, तिथे जवळजवळ १२.

१.३० : डबा.

२.०० : हार्डडिस्कचा बोर्ड सोडवला. पॉवर पिनजवळ दोन काळे तुकडे असतात, टीव्हीएस डायोड. जास्त व्होल्ट आले की ते स्वतः शॉर्ट होतात आणि बोर्ड वाचवायला बघतात. ५ च्या लाइनवरच्या डायोडला मीटर टेकवताच बीप. तो उपसून बोर्ड परत लावला, चांगल्या एसएमपीएसवर डिस्क जोडली. फिरली! आता तिला संरक्षण उरलेलं नाही. तिच्याकडून फक्त डेटा उतरवून घ्यायचा. एसएसडी गेली ती गेलीच. "दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावला तर?" असं लोक हमखास विचारतात. बहुतेकदा नाही चालत, कारण बोर्डावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची जुळवणी लिहिलेली असते.

५.०० : एका ऑफिसच्या मशीनमध्ये चार हार्डडिस्क. आमच्या पोराने एकाच साटा पिनेला स्प्लिटर लावून चौघी जोडल्या. काढायला लावल्या. त्या पिनेत १२ व्होल्टच्या तीन पट्ट्या, प्रत्येकी दीड अँपियर, म्हणजे साडेचार. सुरू होताना एक डिस्क दोनेक अँपियर ओढते. करा हिशोब. शेवटी एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायरी ओढल्या. मोलेक्सवरून साटा करणारे ओतीव प्लास्टिकचे स्वस्त कन्व्हर्टर तर मी दुकानातच ठेवत नाही. आत तारा एकमेकींना लागून जळतात. गिऱ्हाईक शेजारून घेतं, घेऊ दे.

८.३० : डेटा उतरला. गृहस्थांना फोन केला : उद्या येताना नव्या एसएमपीएसच्या खोक्यातली वायरींची पिशवी घेऊन या. म्हणाले, "ती अजून फोडलीच नाहीये."

"तीच आणा."