हळदी-कुंकू दिसलं का?

"ताई, हळदी-कुंकू दिसलं का?"

डिसेंबरातली सकाळ, सात वाजायचे होते. निफाडच्या थंडीची बातमी वर्तमानपत्रात वाचणं वेगळं आणि त्या थंडीत चापडगावच्या बांधावर उभं राहणं वेगळं. नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर धुक्याची साय धरली होती. माझ्या गळ्यात दुर्बीण, पिशवीत पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक, आणि समोर दोन-तीनशे बदकं. सगळी एकसारखी करडी. विचारणारा मुलगा गावातलाच, पक्षी दाखवायला सोबत आलेला वाटाड्या. त्याने तिपाईवरची मोठी दुर्बीण माझ्या उंचीला लावून दिली आणि म्हणाला, "अंग बघू नका, नुसती चोच बघा. काळ्या चोचीचं टोक पिवळं, ती हळद. कपाळाशी दोन लाल ठिपके, ते कुंकू."

हळदी-कुंकू बदक मला त्या दिवशी दिसलं. खरं तर त्याआधी तीन हिवाळे ते माझ्या डोळ्यांसमोरच होतं. पुस्तकात त्याचं चित्र मी कितीदा पाहिलं होतं, पण पुस्तकातलं बदक हातभर अंतरावर, स्थिर आणि उजेडात असतं. पाण्यावरचं बदक दोनशे पावलांवर, हलतं आणि सूर्याच्या बाजूला असतं. चित्रापासून पाण्यापर्यंतचं हे अंतर एकट्याने कापायला वर्षं लागतात. शेजारी जाणतं माणूस उभं असेल, तर एका वाक्यात ते संपतं. पक्षी कोणीतरी दाखवावा लागतो, असं माझं तेव्हापासून ठाम मत झालं आहे.

हे पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या बाबतीतही खरं आहे. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. मग मामांनी त्यांना चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी त्या पोराला हाकलून दिलं नाही. कपाटांचे खण एकेक उघडून त्यांनी पेंढा भरलेले पक्षी समोर मांडले आणि चिमणी-चिमणीतला फरक दाखवला. १९०८ सालची ही गोष्ट. भारतातलं पक्षिशास्त्र त्या उघडलेल्या खणांतून पुढे आलं, असं म्हटलं तरी चालेल.

आता नांदूर मध्यमेश्वरविषयी. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत दगडी बंधारा बांधला गेला, तो शेतीसाठी. वरच्या गंगापूर आणि दारणा धरणांतून सोडलेलं पाणी इथे अडतं आणि दोन्ही तीरांच्या कालव्यांनी पुढे जातं. पाण्याबरोबर गाळ आला, वर्षानुवर्षं साचला. पाणी उथळ झालं, मध्येच बेटं वर आली, काठाला पाणकणीस माजलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटा. पण चिखलात चोच खुपसून जगणाऱ्या शेकडो जिवांसाठी तेच भरलेलं ताट ठरलं. पर्जन्यछायेतल्या या कोरड्या मुलखात एवढं उथळ पाणी दुसरीकडे कुठे मिळणार? सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, असं नाशिककर अभिमानाने सांगतात. उपमा आणखी एका अर्थाने नेमकी आहे, कारण भरतपूरची पाणथळही माणसाने घातलेल्या बांधामुळेच तयार झाली.

१९८६ साली हे अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर, त्यात पाणी आहे, शेतं आहेत, गावंही आहेत. जानेवारी २०२० मध्ये इथल्या १,४३७ हेक्टरांचा रामसर यादीत समावेश झाल्याची घोषणा झाली. रामसर हे इराणमधलं गाव. १९७१ साली २ फेब्रुवारीला तिथे पाणथळींच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली जागा आपली, लोणार आणि ठाण्याची खाडी नंतर आली. इथल्या पाण्यात देवळालीचं नाव मिरवणारा एक छोटा मासाही आहे. तो जगातल्या अतिसंकटग्रस्त जातींत मोडतो. पक्षी बघायला आलेल्या किती जणांना तो माहीत असतो?

वाटाड्यांसोबत फिरताना मला सगळ्यात जास्त दिलं ते नावांनी. थापट्या बदकाची चोच गवंड्याच्या थापीसारखी पुढे पसरट. तिच्या कडांना बारीक दाते असतात आणि पाणी त्यांतून गाळून तो खाणं मिळवतो. तलवार बदकाची शेपटी म्यानातून उपसल्यासारखी. चमच्या चोचीचा चमचा पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो. शेकाट्याचे पाय गुलाबी आणि एवढे लांब की काड्यांवर चालल्यासारखा दिसतो. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो. ज्याने ही नावं ठेवली, त्याने पक्षी नीट पाहिलेला होता. नाव समजलं की ओळखण्याची खूणही हातात येते. इंग्रजी नाव पाठ करून ती येत नाही.

आणि वारकरी. अंगभर काळा, कपाळावर पांढरा टिळा, आणि कधी एकटा नाही. शेकड्यांनी दिंडी धरून पाण्यावर पसरलेला. उडायचं झालं की आधी पाण्यावरून धावत सुटतो, पायांचा चुबुक-चुबुक आवाज काठापर्यंत ऐकू येतो. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. तिच्या आसपासच्या दिवसांत नांदूरला वारकऱ्यांची ही दुसरी गर्दी असते. हे साम्य मला एका वाटाड्यानेच दाखवलं. त्याच्या घरची दिंडी त्र्यंबकला जाते.

दाखवण्याचं हे काम वाटतं तितकं सोपं नाही. सकाळी सूर्य पाठीशी राहील असाच काठ निवडायचा, नाहीतर सगळे पक्षी काळ्या सावल्या होतात. भडक कपडे नकोत. घोळक्याने पुढे सरकायचं नाही, कारण शंभर बदकं एकदम उडाली तर त्यांची तासाभराची चराई बुडते. थंडीत साठवलेली ताकद त्यांना परतीच्या प्रवासासाठी लागणार असते. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलवायचं नाही, घरट्याजवळ थांबायचं नाही. फोटोसाठी पुढे पुढे घुसणाऱ्या पाहुण्याला पोराच्या वयाचा वाटाड्या शांतपणे "साहेब, मागे या" म्हणतो, तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटतं. त्याच्या रोजगाराचा प्रश्न असतो, तरी तो पाखराची बाजू घेतो. अशा मुलांना फक्त हिवाळ्यात काम मिळतं. त्यांच्या ज्ञानाला वर्षभराचं मोल मिळायला हवं.

मात्र काठावर सगळंच सांगून होत नाही. पट्टकादंब हंस समोर दिसला की डोक्यावरचे दोन काळे पट्टे दाखवता येतात. पण तो हिमालय ओलांडून आला आहे, त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतही प्राणवायू घट्ट धरतं, पाठीवर यंत्र बांधलेल्या हंसांची सात हजार मीटरच्याही वर नोंद झाली आहे, हे सांगायला नकाशा लागतो, भिंत लागते, बसलेली माणसं लागतात. त्यासाठी व्याख्यान. शहरातल्या सभागृहात संध्याकाळी ऐकावं आणि रविवारी पहाटे गाडी धरून ते पाण्यावर पडताळावं, असा जोड असला की दोन्ही पक्कं बसतं. नुसत्या सुंदर चित्रांची माळ दाखवणारी व्याख्यानंही मी बरीच ऐकली आहेत. टाळ्या भरपूर पडतात, पण घरी जाताना डोक्यात एकही पक्षी नसतो. त्याउलट एका वक्त्याने पाऊण तास केवळ चोच आणि पाय या दोनच गोष्टींवर घेतला होता. आजही चिखलावर तुतारी पक्षी दिसला की मला तो पाऊण तास आठवतो.

पक्षी दाखवण्या-सांगण्याची परंपरा महाराष्ट्रात चांगली जुनी आहे. लोणावळ्याला १९८१ साली पहिलं पक्षिमित्र संमेलन भरलं, त्यातून महाराष्ट्र पक्षिमित्र ही चळवळ उभी राहिली. पुढे गावोगावचे हौशी निरीक्षक या संमेलनांत आपल्या नोंदी वाचू लागले. नाशिकमध्ये नेचर कॉन्झर्वेशन सोसायटी ऑफ नाशिकने बोरगडच्या डोंगरावर काम केलं. तो डोंगर २००८ मध्ये राज्यातला पहिला संवर्धन राखीव ठरला. २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ ही मारुती चितमपल्लींची जन्मतारीख, १२ सलीम अलींची. दिवाळीच्या आगेमागेच हा आठवडा येतो, शाळांना त्यात फेऱ्या आणि व्याख्यानं ठेवता येतात.

चितमपल्ली १८ जून २०२५ ला गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. वनखात्यात आयुष्य काढलेल्या या माणसाने पक्षिज्ञान पुस्तकांइतकंच माणसांकडून घेतलं. नवेगाव बांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांचं ऋण त्यांनी पुन्हा पुन्हा लिहून मान्य केलं. बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीला सारंगागार, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, असे शब्द त्यांच्या लेखणीतून मराठी वाचकांना मिळाले. रानातल्या माणसाकडे शिष्य होऊन बसता येणं हीच मला त्यांची सगळ्यात मोठी शिकवण वाटते.

व्याख्यान फक्त शहरातल्या हौशी लोकांसाठी असतं, हा समज नाशिक जिल्ह्यातल्या गिधाडांनी खोटा ठरवला. ज्या जिल्ह्यात सर्वतीर्थ टाकेद आहे, जिथे जटायू पडला असं परंपरा सांगते, तिथे गिधाडं दिसेनाशी होण्याची वेळ आली होती. १९९२ ते २००७ या काळात देशातली लांब चोचीची गिधाडं सुमारे ९७ टक्क्यांनी घटली, पांढऱ्या पाठीची तर ९९.९ टक्क्यांनी. कारण २००४ मध्ये सिद्ध झालं. गुरांना दुखण्यावर टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक औषध मेलेल्या जनावराच्या मांसात उरतं. ते खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात आणि काही दिवसांत ते मरतं. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी ही घट भरून कशी काढणार? जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून ते गोठ्यात पोचत होतं, म्हणून २०१५ मध्ये बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय हाताशी आहे.

पण सरकारी कागद गोठ्यापर्यंत आपोआप जात नाही. गाय आजारी पडल्यावर कुठलं इंजेक्शन मागायचं, हे त्या घरातल्या बाईला आणि बाप्याला कोणीतरी समोर बसून सांगावं लागतं. हरसूल भागातल्या खोरीपाड्यात गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवण्याची जागा केली गेली, लोक तिला गिधाडांचं उपाहारगृह म्हणतात. तिथे जनावर कशाने मेलं, त्याला आधी काय टोचलं होतं, हे गावकऱ्यांनी खरं सांगितलं तरच ती जागा गिधाडांना वाचवते. सगळा कारभार विश्वासावर आहे आणि तो विश्वास पाड्यावरच्या बैठकांतून तयार होतो. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. २०१७ मध्ये तो डोंगर संवर्धन राखीव झाला. हवा तापल्यावर, नऊ-दहाच्या सुमाराला, गिधाडं कड्यावरून सुटतात आणि पंख न हलवता वर चढतात. ते पाहायला मान दुखेपर्यंत थांबावं.

मला काळजी आहे ती मांज्याची. येवल्याची संक्रांत तीन दिवसांची, पतंगांनी आभाळ झाकणारी. त्या आनंदाबद्दल माझी तक्रार नाही. पण नायलॉनचा मांजा कुजत नाही, बाभळीत अडकून महिनोन्महिने राहतो आणि पंख कापतो. हा मांजा बंदी असूनही विकला जातो. संक्रांतीआधीच्या आठवड्यात शाळांमध्ये अर्धा तास बोललं तरी फरक पडतो, हा माझा शिक्षिका म्हणून अनुभव आहे. पोरं घरी जाऊन बापाशी भांडतात.

संक्रांतीच्याच सुमाराला पाणपक्ष्यांची गणना येते. १९८७ पासून आशियाभर जानेवारीत ही गणना होते, आणि तिच्यात नाव घालायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. थवा कसा मोजायचा हे तिथे शिकवतात. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते दहा डोळ्यांत बसवायचे, मग थव्यावर तेवढे तुकडे पाडत जायचे. एक जण बघतो, एक लिहितो, बोलायचं कुजबुजत. पाणी कमी-जास्त झालं, जलपर्णी पसरली, शहराची घाण वाहून आली, याचा परिणाम वर्षावर्षांच्या या आकड्यांतच दिसतो.

एका वर्षी गणनेला जाताना वाटेत त्र्यंबकला निघालेली दिंडी लागली, म्हणून पोचायला उशीर झाला. निरीक्षण मनोऱ्यावर हळदी-कुंकू दाखवणारा तोच वाटाड्या होता. आता तो दोन नव्या पोरांना शिकवत होता. माझ्या हातात तक्ता आला. त्याने बघायचं आणि मी लिहायचं असं ठरलं. बदकं झाली, शेकाटे झाले, शराटी झाल्या. वारकऱ्यांचा आकडा मी लिहिला आणि पेन टोपणात घातलं. तो अजून डोळा लावून बसला होता.

"ताई, तो खोडा," तो म्हणाला. "मधे दोन टिबुकल्या शिरल्या होत्या. डावीकडनं परत घेऊ."